क्योनिगश्टाइन किल्ला: सॅक्सनीचा इतिहास आवडत असेल तर जाच

जर्मनीत सॅक्सनी राज्याची राजधानी ड्रेस्डेनला गेलात की एस-बान (तिथली लोकल ट्रेन) पकडून क्योनिगश्टाइनला जाच, माझ्याकडून पाच स्टार. एल्बे नदीच्या वर 240 मीटरवर सरळसोट खडक आणि त्यावर अख्खा किल्ला, चढायचं नसेल तर लिफ्ट पण आहे. तटावरून समोर लिलियनश्टाइनचा डोंगर दिसतो, त्याच्याच पायथ्याशी 1756 मध्ये सॅक्सनीच्या सैन्याने प्रशियापुढे (शेजारचं बलाढ्य जर्मन राज्य) शस्त्रं खाली ठेवली, म्हणजे किल्ला शाबूत आणि खाली सगळी फौज शरण गेली, तिथे उभं राहून हे आठवलं की पोटात गोळाच येतो! एकीकडे प्रशिया, दुसरीकडे ऑस्ट्रिया आणि मधे सॅक्सनीचं हे छोटं राज्य. 1806 ला नेपोलियनमुळे राजपद मिळालं, मग त्याचीच साथ धरली म्हणून 1815 ला व्हिएन्ना काँग्रेसमध्ये (युरोपच्या सीमा नव्याने ठरवणारी परिषद) अर्ध्याहून जास्त मुलूख प्रशियाने घेतला, तरी उरलेलं राज्य 1918 पर्यंत टिकलं, मला याचं खरंच कौतुक वाटतं. 1849 मध्ये ड्रेस्डेनमध्ये उठाव झाला तेव्हा राजा पळून इथेच आला होता, आणि उठाव मोडायला मदत कोणाची तर प्रशियाची.

विहीर अजिबात चुकवू नका, 152.5 मीटर खोल, 1563 ते 1569 अशी खडक फोडून खणलेली, कठड्यातून खाली बघितलं की तळ दिसतच नाही. आणि ती भिंत नक्की शोधा जिथून 1848 मध्ये चिमण्या साफ करणारा अब्राट्स्की नावाचा पोरगा दोरीशिवाय चढून आत आला होता. अर्धा दिवस तरी काढून ठेवा, घाईत बघायची जागा नाहीये ही.