टीएल-डब्ल्यूएन७२२एन घेताय? आधी खोकं उलटं करा

टीपी-लिंकच्या या वायफाय डोंगलचं लिनक्सवाल्यांत मोठं नाव आहे, पण ते नाव कमावलं व्हर्जन १ ने. त्यात अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. व्हर्जन २ आणि ३ मध्ये रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. मॉडेलचं नाव मात्र तेच राहिलं. म्हणून पुण्यात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पैसे देण्याआधी खोक्याच्या स्टिकरवर 'व्हर्जन'पुढचा आकडा वाचा. काउंटरवरचं "सगळ्यावर चालतं हो" यातलं 'सगळं' म्हणजे बहुधा विंडोजच.

जुना, वापरलेला मिळाला तर खोकं नसेल. मग लॅपटॉप सोबत न्या, डोंगल लावा आणि टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड चालवा. यादीत ०सीएफ३:९२७१ हा ओळख क्रमांक दिसला की ते व्हर्जन १, घेऊन टाका. ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, डोंगलच्या चिपवर चालणारं फर्मवेअरसुद्धा खुलं आहे. वायफायच्या दुनियेत हे विरळाच.

२३५७:०१०सी दिसलं तर रिअलटेक. तोही टाकाऊ नाही. नव्या कर्नलमधला आरटीएल८एक्सएक्सएक्सयू ड्रायव्हर ही चिप ओळखतो, तेव्हा आधी कर्नल अपडेट करा. इंटरनेटच नाही, मग अपडेट कसं? फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. तेवढ्यावर भागलं नाही तरच गिटहब या कोडच्या साइटवरचा ड्रायव्हर घ्या, आणि तो डीकेएमएसनेच बसवा; ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधतं. नुसतं 'मेक इन्स्टॉल' केलंत तर पुढच्या कर्नल अपडेटला वायफाय गायब. ड्रायव्हर बांधायला चालू कर्नलचे हेडर्स, म्हणजे त्याच्या सोबतच्या फायलीही लागतात. हा ड्रायव्हर (मॉड्यूल) कर्नलमध्ये चढवताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर अडवणारा सिक्युअर बूट असतो, तो ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर चढू देत नाही: 'मोकयूटिल'ने सहीची किल्ली नोंदवा, रीबूटनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'एनरोल मोक' निवडा. तो पडदा घाईत सोडून दिलात तर नोंदणी पुन्हा पहिल्यापासून.

असे ड्रायव्हर बरेचदा एखाद-दुसरा माणूस फावल्या वेळात सांभाळतो. त्याला 'वायफाय चालत नाही, अर्जंट' एवढंच लिहून काय कळणार? एलएसयूएसबीची ती ओळ, 'यूनेम -आर'ने दिसणारं कर्नलचं व्हर्जन आणि डोंगल लावल्यावर 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत उमटलेल्या ओळी द्या, मजकूर म्हणून. स्क्रीनचा तिरका फोटो नको. पुण्यातल्या लिनक्स यूजर्स ग्रुपमध्ये विचारतानाही एवढं हाताशी ठेवा.

सिग्नल भरपूर असून वेग पडत असेल तर डोंगल निळ्या पोर्टमधून काढा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. यूएसबी २ चं पोर्ट किंवा हातभर एक्स्टेन्शन केबल, एवढ्यानेही फरक पडतो. खोक्यावरचे १५० एमबीपीएस कागदावरचेच. निम्मे मिळाले तरी चांगलं समजा.

५ गिगाहर्ट्झ यात कुठल्याच व्हर्जनमध्ये नाही. पेठेतल्या वाड्यात किंवा दाटीच्या सोसायटीत चहूबाजूंनी शेजाऱ्यांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करत असतील तर हा घेऊच नका. ५ गिगाहर्ट्झवरही चालणारी मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप असलेला डोंगल शोधा. तिचा ड्रायव्हर ४.१९ या व्हर्जनपासून कर्नलमध्ये आहे.