लॅब्रॅडॉरला शांत बसवण्याचा सराव: दिवाळी ते पावसाळा, आमचा अनुभव

आमचा टायगर दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर. बेल वाजली की सोफ्यावरून थेट दारावर आणि पाहुण्याच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय. जो तो सांगायचा, इथे नागपुरातल्या फुटाळा तलावावर नेऊन दमवा. पण रोज पळवलं की कुत्र्याचा दम वाढतो, शांतपणा तेवढ्याने येत नाही. तो वेगळा शिकवावाच लागतो, असं माझं ठाम मत झालंय.

दिवाळीनंतर आम्ही 'रिलॅक्सेशन प्रोटोकॉल' घेतला. अमेरिकेतल्या पशुवैद्य केरन ओव्हरॉल यांनी बसवलेला हा कुत्र्याला शांत बसायला शिकवण्याचा 15 दिवसांचा क्रम. सुरुवात अगदी साधी: सतरंजीवर पाच सेकंद बसव, दहा सेकंद बसव, एक पाऊल मागे जाऊन परत ये. मग टाळ्या, जागच्या जागी धावणं आणि पुढे बेल वाजवून नसलेल्या पाहुण्याशी गप्पा. बेलपाशी आमची गाडी बरेच आठवडे अडली. शेवटी बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला, अगदी हळू वाजवला आणि थोडा थोडा वाढवत नेला.

खरी मेख बक्षीस कधी द्यायचं यात आहे. कान ताठ, मागचे पाय ताणलेले, असा बसलेला कुत्रा उडीच्या तयारीत असतो, त्याला काही द्यायचं नाही. टायगर एका कुशीवर कलला, हनुवटी सतरंजीला लागली, लांब श्वास सुटला, की उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. तोही पुढच्या दोन पायांमध्ये सतरंजीवर ठेवायचा, हातातून दिला की हाताच्या मागे तो उठतोच. हे तुकडे त्याच्या जेवणातूनच कापायचे, लॅबचं वजन बघता बघता वाढतं.

सरावाचा सगळ्यात जास्त उपयोग मे महिन्यात झाला. पारा 45 च्या आसपास, डांबरावर तळवे भाजतात, त्यामुळे फेरी पहाटेच. बाकीचा दिवस कूलरसमोर सतरंजी आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेले खाण्याचे दाणे. हुंगून हुंगून ते शोधण्यात तो छान रमतो.

छातीवर कडी असलेला हार्नेसही घेतला. ओढलं की कुत्रा आपोआप बाजूला वळतो. चांगला आहे, फक्त काखेत घासतो, घरी आल्या आल्या काढावा.

आता बेल वाजली की टायगर एकदा भुंकतो आणि सतरंजीवर जातो. शेजारच्या काकूंनी तर मला विचारलं, "काहून व, टायगर बिमार आहे का?" लहान मुलं धावत आली की मात्र अजून उठतो, तेव्हा पट्टा लावूनच ठेवते. गल्लीतल्या कुत्र्यांपुढे सतरंजीचं काही चालत नाही.

तुमचं कुत्रं गुरगुरत असेल, चावायला धावत असेल तर आधी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवा, कान किंवा सांधे दुखत असले तरी कुत्रं चिडतं. नुसतंच उत्साही असेल तर जेवणाआधी, भूक असताना, रोज दहा मिनिटं बसा आणि घरातल्या सगळ्यांना एकच शब्द वापरायला सांगा. आमच्याकडे तो 'सतरंजी' आहे, सासूबाईंनीही म्हटला तरी टायगर ऐकतो.