काढून टाकलेल्या गर्भाशयाचा रिपोर्ट

शस्त्रक्रियेची जखम भरून आली, तरी त्या जागी महिनोन् महिने दुखत राहणाऱ्या बायकांना हेरून पैसे उकळणारे लोक गुहागरजवळच्या आमच्या वाडीत येऊन गेले, म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या सासूबाईंचे गर्भाशय काढले, त्याला वर्ष होऊन गेले. टाके उत्तम भरले होते, सोनोग्राफीही स्वच्छ होती. पण आडव्या व्रणाच्या उजव्या टोकाशी जळजळ होई आणि विळीवर बसले की कळ मांडीपर्यंत जाई. दोन ठिकाणी ‘जखम भरली आहे, आता काही नाही’ एवढेच ऐकायला मिळाले. फसवणाऱ्याला जागा मिळते ती इथेच.

समाजमंदिरात ‘मोफत तपासणी’ लागली. माणसाने नाव, वय, स्त्री की पुरुष, उंची आणि वजन लॅपटॉपवर भरले, सासूबाईंच्या मुठीत धातूची कांडी दिली आणि मिनिटाभरात अनेक पानांचा रंगीत रिपोर्ट छापून काढला. “मावशी, आत टाके कुजतायत, गाठ धरण्याआधी कोर्स घ्या,” असे सांगून त्याने तेल, गोळ्या आणि चुंबकाच्या पट्ट्याचे अठरा हजार रुपये रोख घेतले; आंब्याच्या हंगामातली शिल्लक ती हीच. पावती दिली नाही. घरी रिपोर्ट नीट वाचला, तर तिसऱ्या पानावर ‘गर्भाशय : सौम्य बिघाड’ असे छापलेले होते. जो अवयव शरीरातच नाही, त्याचे निदान त्या माणसाने भरलेल्या माहितीवरून यंत्राने केले होते, हे उघड होते. गोळ्यांच्या डबीवर उत्पादकाचा परवाना क्रमांकही नव्हता, म्हणून त्या आम्ही दिल्या नाहीत. अशा गोळ्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते.

पुढे चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवून सासूबाईंना उशीवरून मान उचलायला सांगितले. पोटाचे स्नायू ताठताच दुखणे वाढले, म्हणजे मूळ पोटाच्या आत नसून भिंतीत होते. तिथेच बधिरतेचे इंजेक्शन देताच काही मिनिटांत कळ ओसरली. आडव्या चिरेच्या टोकाजवळून जाणारी नस व्रणात अडकली की असे होते, असे त्यांनी समजावले. एका इंजेक्शनाने सगळे संपले नाही. ते पुन्हा घ्यावे लागले आणि नसेच्या दुखण्याची गोळी चालू आहे, पण सासूबाई आता विळीवर बसतात.

सगळ्यांचेच दुखणे नसेचे नसते. सिझेरियनच्या व्रणात गाठ असून ती पाळीच्या दिवसांत दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलत्या जागी वाढणे), खोकताना फुगवटा येत असेल तर हर्निया असू शकतो. ताप किंवा पू आला तर थांबूच नये.

गर्भाशयाचे विकार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करण्यास 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने बंदी आहे. शिबिराचे पत्रक, रिपोर्ट आणि डबी जपून ठेवून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्या माणसाचा फोन मात्र तेव्हापासून बंदच लागतो.