टॉप फ्लोअरचा फ्लॅट: पैसे गच्चीवर घालायचे, फॉल्स सीलिंगवर की खिडक्यांच्या फटींवर?

नागपुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला मे महिना काय असतो हे वेगळं सांगायला नको. दुपारचं ऊन एकवेळ परवडलं, पण रात्री अकराला स्टुलावर चढून स्लॅबला तळहात लावून बघा, गॅसवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा लागतो अन् तो तवा पहाटेपर्यंत आपल्या डोक्यावर निवत बसतो. मागच्या वर्षी मी दोन-तीन ठेकेदारांना बोलावलं, प्रत्येकाने आपलंच काम कसं भारी ते सांगितलं, म्हणून शेवटी स्वतःच हिशोब मांडला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. स्लॅब तापल्यावर आतून काहीतरी लावणं वेगळं अन् स्लॅब तापूच न देणं वेगळं. सगळी निवड इथेच ठरते.

गच्चीवर पांढरा रंग. सगळ्यात स्वस्त. चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारले तरी फरक पडतो, अन् पैसे असतील तर कूल रूफ कोटिंग मारा. नवा पांढरा थर ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊन परत पाठवतो, काळवंडलेला सिमेंटचा कोबा त्याच्या निम्मंही नाही. भर दुपारी अनवाणी पायाने रंगवलेल्या भागावरून न रंगवलेल्या भागावर एक पाऊल टाका, दुसरा पुरावा लागत नाही. (फार वेळ उभे राहू नका.) पण आपल्याकडची धूळ! एप्रिलमध्ये दोन वावटळी आल्या की पांढऱ्याचं मातकट होतं, मग धुवा, अन् चुना तर एका पावसाळ्यात निघून जातो, म्हणजे दर मार्चला तोच उद्योग. चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, टिकतं, धुतलं की परत पांढरं होतं, पण ते बसवायचं म्हणजे खाली मसाल्याचा थर आला अन् तो स्लॅबवर कायमचं वजन.

वजनावरून आठवलं. ठेकेदार लगेच म्हणतो, "भाऊ, अजून चार इंच ब्रिकबॅट कोबा टाकून देतो, गर्मी बंद." म्हणजे विटांचे तुकडे अन् सिमेंटचा थर. त्याला हो म्हणू नका. चार इंची कोबा म्हणजे चौरस फुटाला पंधरा-अठरा किलो, जुन्या कोब्यावर परत नवा म्हणजे स्लॅबवर दुप्पट बोजा, अन् उष्णता अडवण्यात वीट-सिमेंट काही खास नाही, ती फक्त उशिरा आत येते. दुपारची संध्याकाळी येईल, एवढंच.

खरं इन्सुलेशन म्हणजे एक्सपीएस शीट, त्या निळ्या-गुलाबी कडक फोमच्या. दोन इंची शीट जेवढी उष्णता अडवते तेवढी अडवायला काँक्रीट सात-आठ फूट जाड लागेल. केंद्राच्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, २०१८ ची आहे, घराच्या छतासाठी यू-व्हॅल्यूची मर्यादा १.२ दिलीय. यू-व्हॅल्यू जितकी कमी तितकी उष्णता कमी आत येते, अन् नुसत्या सहा इंची स्लॅबचं गणित केलं तर ती तीनच्या वर जाते. म्हणजे आपण जे बांधून घेतलंय ते काय लायकीचं आहे ते समजा. शीट पाणी पीत नाही, स्वतः हलकी असते, पण उन्हात उघडी ठेवली तर खराब होते म्हणून वरून जाळी टाकून पातळ कोबा लागतोच, त्याचं वजन इंजिनियरला विचारून घ्या. अन् वॉटरप्रूफिंग आधी, शीट नंतर. हा क्रम चुकला तर लीकेज शोधायला सगळं उकरावं लागतं.

अडचण पैशाची कमी, सोसायटीची जास्त. गच्ची सगळ्यांची, गर्मी तुमची एकट्याची. लीकेज असेल तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीवर येतो, तेव्हा गच्चीला वॉटरप्रूफिंग व्हायचंच असेल तर त्याच वेळी शीट घुसवा, फरकाची रक्कम स्वतः भरायची तयारी दाखवा. एकदा कोबा झाला की परत दहा वर्षं कोणी हात लावू देत नाही.

आता फॉल्स सीलिंग. कोणाला विचारायला नको, घरातल्या घरात काम, म्हणून सगळे इकडेच वळतात. नुसत्या जिप्सम बोर्डाने थोडाफार फरक पडतो, नाही असं नाही, पण तुम्ही पैसे दिसण्यासाठी घालताय हे मान्य करा. वर दोन इंची ग्लासवूल टाकलं तर मात्र एसी असलेल्या खोलीत काम देतं, खोली पटकन गार होते. स्लॅब तसाच तापतो, पण गर्मी खाली फारशी पोचत नाही. यात तीन घोळ. स्लॅब गळत असेल तर ग्लासवूल ओलं होऊन कुबट वास येतो अन् गळती कुठून ते दिसतच नाही. साडेनऊ फुटाची खोली साडेआठ होते, पंख्याचा रॉड बदला. अन् हौसेने वीस डाउनलाइट लावले की तेवढी भोकं, गर्मी तिथून खाली. ग्लासवूलऐवजी कोणी थर्माकोल भरू म्हणालं तर सरळ नाही म्हणा, वर वायरिंग असतं, आग लागली की भडकतं ते.

राहिल्या फटी. सगळ्यात कमी खर्च अन् सगळ्यात कमी लक्ष. एसी चालू करून, पंखा बंद करून, पेटलेली उदबत्ती खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा. आमच्याकडे स्लायडिंग खिडकीचे दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे धूर सरळ आडवा झाला, अन् एसीचा पाइप भिंतीतून जातो त्या भोकात तर बोट जात होतं, बसवणाऱ्याने नुसती टेप गुंडाळलेली. भोक पुट्टीने, पल्ल्यांच्या कडेची झिजलेली केसाळ पट्टी (ब्रश) बदलून, दाराखाली रबराची पट्टी, एका रविवारचं काम. फक्त स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला छोट्या खाचा असतात त्या बुजवू नका, पावसाचं पाणी तिथूनच निघतं, मी सिलिकॉन भरून बसलो होतो अन् जूनमध्ये पहिल्याच सरीला पाणी हॉलमध्ये.

पण हे सगळं एसीवाल्यांसाठी. कूलर वापरत असाल तर फटी बुजवणं म्हणजे उलटा धंदा, कूलरची हवा आत यायला समोरून बाहेर जायला जागा पाहिजे, नाहीतर खोली नुसती दमट होऊन बसते. कूलरवाल्यांनी सगळा पैसा गच्चीवरच घालावा. अन् बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली जाळी, झरोका कधीच बंद करायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बेडरूमही अगदी हवाबंद करू नका, स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, चार माणसं झोपली की सकाळी डोकं जड.

मग करायचं काय? भाड्याने राहत असाल तर फटी अन् मालकाला विचारून चुना, बस. स्वतःचा फ्लॅट, एकाच खोलीत एसी, सोसायटी ढिम्म, तर रंग, फटी अन् त्या एका खोलीपुरतं ग्लासवूलवालं सीलिंग, पूर्ण घराला नको. स्वतःचा बंगला असेल तर विचारच करू नका, एक्सपीएस अन् वर पांढऱ्या टाइल्स. पत्र्याची शेड ठोकायची असेल तर सावली उत्तम पडते, पण आधी महापालिकेची परवानगी बघा.

अन् फुकटचं एक, एसी १८ वरून २४ ला आणा. एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई (केंद्राची ऊर्जाबचतीची संस्था) सांगतं, फक्त डोक्यावर तवा असेल तर २४ ला झोप लागत नाही म्हणून तर ही सगळी भानगड.

माझं सध्या रंग अन् फटी झाल्यात, रात्री अकराला स्लॅब आता कोमट लागतो. शीटचा विषय सोसायटीच्या मागच्या वार्षिक सभेत (एजीएम) टाकला होता, पण लिफ्टच्या भांडणातच दोन तास गेले. या वेळी वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनलाच पिन मारून देणार आहे.