नागपूरच्या धंतोलीतलं बेड-वॉकर भाड्याने देणारं दुकान (पाठीच्या ऑपरेशननंतरचा दीड महिना)

दुकानाचं नाव मुद्दाम नाही लिहीत, कारण खाली तक्रार पण आहे. धंतोलीत हॉस्पिटलांच्या गल्ल्यांमध्ये असं सामान भाड्याने देणारी बरीच दुकानं आहेत, त्यातलंच एक समजा. ५ पैकी साडेतीन स्टार, आणि ते दीड कुठे कापले ते सांगतेच.

ह्यांचं मे महिन्यात कमरेच्या मणक्यांमधल्या एल फोर एल फाईव्हच्या गादीचं (डिस्कचं) ऑपरेशन झालं. नस दबून डावं पाऊल इतकं बधिर झालं होतं की चालताना पायातली चप्पल गळून पडायची आणि ह्यांना पत्ताच नसायचा. हॉस्पिटलवाल्यांनी डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सांगितलं घरी बेडची सोय करा, बस, कोणता बेड काय बेड काही नाही. मी भर दुपारी ४५ डिग्रीत डोक्याला दुपट्टा गुंडाळून दुकानात पोचले आणि म्हटलं हवेची गादी पण द्या, मऊ असते ना, तर दुकानातले काका म्हणाले, "काहून घेता मॅडम एअरची? ती तर महिनोन्महिने पडून राहणाऱ्या पेशंटला पाठ सोलू नये म्हणून असते. साहेबांना कूस बदलायची तर खांदा आन कंबर संगंच फिरली पाहिजे, मऊ गादीत कंबर रुतते, मग पीळ बसते." मग विचारलं पेशंटची उंची किती, घरात देशी संडास की कमोड, गुडघ्यापर्यंत उंची मोजली का. मी कुठून मोजणार बाप्पा! दुकानातूनच फोन करून मुलाला टेप घेऊन मोजायला लावलं. त्या हिशोबाने कमोड खुर्चीचे पाय वर करून दिले, बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जायला नको म्हणून. हे सगळं हॉस्पिटलमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, एक स्टार फक्त याचाच.

भाडं: दोन हँडलचा बेड महिन्याला २५०० आणि डिपॉझिट ५०००, कमोड खुर्ची ५००, वॉकर ३००. आम्ही मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तरी दोन पोरांनी बेड सुटा करून वर आणला, जोडून दिला, वरचे पैसे मागितले नाही.

आता तक्रार. एका चाकाचा ब्रेक धरतच नव्हता. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे कुशीवरून उठून पाय खाली सोडत होते आणि बेड सरकला मागे. मी पुढे उभी होते म्हणून हे वाचले, नाहीतर टाक्यांसकट जमिनीवर. फोन केला तर आज पाठवतो, उद्या पाठवतो, पोरगा आला तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत सोसायटीच्या बांधकामातली वीट चाकाला लावून ठेवली होती. पाठीचा पेशंट आहे हे माहीत असताना ब्रेक न तपासता बेड पाठवता, याला काय म्हणायचं? तुम्ही घेतला तर दुकानातच चारही चाकं पायाने ढकलून पहा.

पण त्याच बेडमुळे एक गोष्ट कळली. सातव्या दिवशी सकाळी चहा द्यायला मी डोक्याकडचं हँडल फिरवून ह्यांना बसतं केलं तर डोकं इतकं ठणकायला लागलं की कप हातात धरवेना. मला वाटलं उन्हाचं असेल, रात्रभर कूलर बंद होता. खाली केलं तर पाच मिनिटात थांबलं. दुपारी जेवायला वर केलं, पुन्हा तेच, खाली केलं, थांबलं. मग ड्रेसिंग पाहिलं तर ओलं, रक्त नाही पू नाही, साधं पाण्यासारखं, आणि मी मूर्खासारखी म्हणून राहिले की घाम असेल, रेक्झिनच्या गादीवर तसाही घाम येतोच. नणंद नर्स आहे, तिला फोनवर सांगितलं तर ती ओरडलीच, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन कर म्हणून.

नसांभोवती एक पातळ पडदा असतो आणि आत पाणी, तेच पाणी मेंदूभोवती पण असतं. पडद्यातून गळती सुरू झाली की बसल्यावर मेंदूला आधार कमी पडतो म्हणून डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं. ऑपरेशनमध्ये पडदा जरासा फाटला होता आणि तिथेच शिवला होता, हे डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एका ओळीत लिहिलेलं होतं, तोंडाने कोणी सांगितलं नाही, याचा राग मला अजून आहे. अँब्युलन्समध्ये सपाट झोपवून परत नेलं, वर्धा रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला माझाच श्वास अडकत होता. जखमेवर अजून टाके घातले, ५ दिवस सपाट झोपून ठेवलं. दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेली नाही. ताप आला किंवा मान आखडली तर थांबायचं नाही, लघवी अडली किंवा मांड्यांमधली जागा बधिर झाली तर रात्री २ वाजता पण यायचं, हे मात्र यावेळी डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं.

घरी परत आल्यावर ह्या बेडचा खरा उपयोग झाला. पहिल्या दिवशी हँडलचे ४ फेरे, अर्धा तास, डोकं दुखलं नाही तर दुसऱ्या दिवशी ६, मग ९. सगळं कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवलं होतं, १६ फेऱ्यांना हे पूर्ण बसते झाले. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं आणि कुंथायची तर सक्त मनाई, म्हणून रात्री इसबगोल, आणि ती उंच केलेली खुर्ची. रेक्झिनवर माझी जुनी नऊवारी चार पदरी अंथरली तेव्हा कुठे घाम कमी झाला. कूलर लावा, पण झोत पाठीवर नको, ड्रेसिंग दमट होतं.

हॉस्पिटलमधल्या त्या ५ दिवसांचं भाडं काकांनी स्वतःहून कापलं. मी मागितलंही नव्हतं. आणि मग बेड परत करताना त्यांच्याच पोराने रेक्झिनच्या एका चिरेसाठी डिपॉझिटमधून ४०० कापले, जी चीर आधीपासून होती!! फोटो काढला नव्हता म्हणून भांडता आलं नाही. सामान आल्या आल्या फोटो काढून ठेवा.

दुकान दुपारी २ ते ४ बंद असतं. गाडी गल्लीत लावू नका, उचलून नेतात.