नाशिकहून एसटीने डोंगर आणि तळी: कोणत्या मार्गावर भरवसा ठेवावा

लाल गाडीने नाशिकच्या आसपास भटकायचं असेल तर चौकशी खिडकीवर आधी परतीची शेवटची गाडी विचारावी, जायची नंतर. खेड्यांकडच्या फेऱ्या गावकऱ्यांच्या सोयीने आखलेल्या असतात. संध्याकाळी शहरातून निघालेली गाडी गावात मुक्कामाला राहते आणि पहाटे शाळा, कोर्ट, बाजारवाल्यांना घेऊन शहराकडे येते. भटक्याला नेमकं उलट हवं असतं, सकाळी डोंगराकडे आणि संध्याकाळी घराकडे. एखाद्या मार्गावर ही ओढाताण किती जाणवते, त्यावरच त्याची किंमत ठरते.

त्र्यंबकच्या रस्त्यावर ती अजिबात जाणवत नाही. देवस्थानामुळे दोन्ही दिशांना दिवसभर माणसं असतात, त्यामुळे गाड्याही असतात. एसटी आहेच, शिवाय सिटीलिंकची शहर बसही त्र्यंबकपर्यंत जाते. अंतर साधारण 28 किलोमीटर, वेळ तासभर. सातपूरची वाहतूक लागली तर थोडा जास्त. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात, म्हणजे इथे पाच टप्पे. महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, 75 च्या पुढे मोफत. वयाचा पुरावा जवळ ठेवावा. महिलांची ही सवलत एसटीची आहे, सिटीलिंकच्या वाहकाशी तिच्यावरून हुज्जत घालू नये.

जाताना डावीकडची खिडकी धरा. बेळगाव ढगा सोडलं की डोंगर त्याच बाजूला सरकत येतात आणि मग अंजनेरीचा कडा समोर उभा राहतो. त्र्यंबकच्या सहा-सात किलोमीटर अलीकडे अंजनेरी फाट्यावर उतरायचं. तिकीट काढतानाच ‘फाट्यावर उतरणार’ असं वाहकाला सांगून ठेवा, नाहीतर भरलेल्या गाडीत दारापर्यंत पोचेस्तोवर पेगलवाडी येते. फाट्यापासून गाव जवळ आहे, पण पायऱ्या सुरू होईपर्यंत आणखी तासाभराची चढती वाट आहे, आणि ती बरेच जण हिशेबात धरत नाहीत. वरच्या पठारावर अंजनीमातेचं देऊळ आणि पुढे तळं. डोंगर आणि पाणी एकाच तिकिटात हवं असेल तर नाशिकजवळ याहून सोपी जागा नाही. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि माकडं पिशवीची चेन उघडतात. खाऊ आतल्या कप्प्यात ठेवा. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही दुर्मिळ वनस्पती याच डोंगरावरून ओळखली जाते, तेव्हा फुलं दिसली तर वाट सोडून त्यांत शिरू नका. तिसरा श्रावणी सोमवार मात्र टाळा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या प्रदक्षिणेमुळे त्या वेळी जादा गाड्या असूनही उभं राहायलाही जागा मिळत नाही.

भंडारदऱ्याचा मार्ग देखणा आहे आणि डोकं खाणाराही. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. थेट गाड्या मोजक्याच, त्यामुळे घोटीला गाडी बदलायची तयारी हवी. मुंबई-ठाण्याकडे जाणारी जलद गाडी घोटी गावात न शिरता महामार्गावरच सोडू शकते, म्हणून चढण्याआधी ‘घोटी स्टँडला जाते का’ असं स्पष्ट विचारा. घोटीहून राजूर, अकोले (विदर्भातलं अकोला नव्हे) यांच्याकडे जाणारी कुठलीही गाडी चालते, कारण घोटी-कोल्हार रस्ता बारी आणि भंडारदऱ्याचं गाव शेंडी यांवरूनच जातो. या टप्प्यात उजवी खिडकी हवी. कळसूबाईची रांग त्या बाजूला असते आणि एसटीची बैठक उंच असल्याने बांधावरच्या झाडोऱ्याच्या वरून ती सलग दिसते. मोटारीतून एवढी दिसत नाही.

कळसूबाई करायची तर बारीला उतरा. शिखर 1646 मीटर, राज्यात सगळ्यात उंच. चढ-उतार आणि विश्रांती धरून सहा तास ठेवा. तेव्हा नाशिकची पहाटेचीच गाडी. ती चुकली तर त्या दिवशी शिखराचा नाद सोडून सरळ शेंडी गाठावी. शेंडीच्या थांब्यापासून प्रवरेवरचं विल्सन धरण, म्हणजेच भंडारदरा धरण, पायी जाण्याजोगं आहे. 1926 साली पुरं झालेल्या या धरणामागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. तो पाहायचा तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेल्यावर काठाला नुसती माती दिसते. अंब्रेला धबधबा धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालतो. पाणी बंद असेल तर भर पावसातही तो कोरडा दिसू शकतो, त्यासाठी एसटीला दोष देऊ नका.

एसटी खरी कमी पडते ती जलाशयाच्या पलीकडे. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी या बाजूला दिवसभरात जाऊन परत येण्याइतक्या फेऱ्या मिळतील असं धरून चालू नये. शेंडीतून जीप ठरवा, तीही येण्याजाण्याची आणि थांबण्याचे तास बोलून. शेंडीहून परतताना अंधाराच्या आधी घोटी गाठा. पुढे महामार्गावर नाशिकच्या गाड्यांची ददात नाही. मधल्या पट्ट्यात फोनची रेंज दगा देते. तिकीट यंत्रावर यूपीआयची सोय असली तरी सुटे पैसे खिशात हवेत.

सुटण्याची जागाही नीट पाहा. जुनं सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), ठक्कर बाजार आणि मेळा ही स्थानकं एकमेकांपासून चालत गाठता येतात, पण महामार्ग स्थानक मुंबई नाक्यावर आहे. तिथली गाडी सीबीएसला शोधत बसण्यात अर्धा तास सहज जातो. फलाटावरच्या फलकापेक्षा खिडकीतल्या नियंत्रकाचा शब्द धरा. पावसात खिडकीची काच खाली-वर सरकते का हे बसण्याआधी तपासा आणि मागच्या चाकावरची बाकं सोडा. घोटीच्या पुढे खड्डे सुरू झाले की तिथे कमरेची परीक्षा असते. पुढची आमदारांसाठी राखीव सीट बिनधास्त घ्या, आमदार काही बारीला उतरत नाहीत.

वणीच्या दिशेला सप्तशृंग गडाची सोय उत्तम. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी वाहनं पायथ्याच्या नांदुरीला थांबवतात आणि घाटात एसटीच चालते. तेव्हा एसटीवाल्यांची मजा. सापुताऱ्याचं तळं वणीवरूनच पुढे, पण ते गुजरातमध्ये. आपल्या एसटीची महिला सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच लागते आणि गुजरातच्या गाडीत ती मागायची सोय नाही. दिवसभरासाठी जाणार असाल तर तिथे उतरल्या उतरल्या परतीची वेळ लिहून घ्या.