रायफल अडकते म्हणून रॅम्प घासून देणाऱ्यांपासून सावध राहा

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात परवान्याची बंदूक असलेली घरं बरीच आहेत. कुणाची पिकाच्या राखणीसाठी, कुणाची फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांकडून आलेली. त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण ज्याने मला लुबाडलं त्याचं दुकान आजही चालू आहे.

आमची रायफल .२२ ची, सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी, आप्पांची. रीतसर परवाना माझ्या नावावर झालेला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्याकडे मतदान ७ मेला होतं. आचारसंहितेत ती दोन्ही मॅगझिनसकट, म्हणजे गोळ्या भरायच्या सुट्या पेट्यांसकट, पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. परत आली आणि अडकायला लागली. पहिली गोळी हाताने बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दट्ट्या, ओढून चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागी, नीट बसायची. ती सुटली की रिकामं कवच टणकन बाहेर पडायचं, पण पुढची गोळी नाक खाली घालून चेंबरच्या तोंडाखाली आदळायची आणि बोल्ट तिच्यावर अर्ध्यात थांबायचा. गोळी काढून पाहिली की मऊ शिशाच्या टोकावर एका बाजूला खरवडल्याचा चपटा डाग. दोन्ही मॅगझिनला हेच.

बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे रायफल आणि एक मॅगझिन नेलं. त्याने मॅगझिनला हातही लावला नाही. बोल्ट दोनदा मागेपुढे केला आणि म्हणाला, "एक्सट्रॅक्टर गेलाय साहेब, स्प्रिंग मऊ झालीय, रॅम्प पण घासायला पायजे. आठ हजार होतील बघा." रॅम्प म्हणजे चेंबरच्या तोंडाशी असलेला उतार, ज्यावरून गोळी आत सरकते.

पलीकडे चंदगड किंवा कोल्हापूरला दुसऱ्या कुणाला दाखवावी, तर आमचा परवाना कर्नाटकापुरता. रायफल घेऊन हद्द ओलांडली की आपणच गुन्ह्यात. हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. गिऱ्हाईक जाऊन जाऊन जाणार कुठे? पैसे आधी घेतले. पावतीवर 'गन रिपेरी' आणि रक्कम, बास. कुठला भाग बदलला, जुना कुठे गेला, काही नाही.

रायफल परत आली ती पहिल्याच मॅगझिनला अडकली, आणि आधीपेक्षा वाईट. दुकानात गेलो तर म्हणे नळीच संपलीय, आणखी बारा हजार घाला.

गावातले सुभेदारकाका फौजेत आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अरे, रिकामं कवच बाहेर पडत होतं ना? मग एक्सट्रॅक्टरला काय धाड भरली होती?" एक्सट्रॅक्टरचं काम कवच चेंबरमधून ओढून काढायचं. पुढची गोळी वर आणून योग्य कोनात धरायचं काम मॅगझिनचं. नाक खाली घालून अडकणारी गोळी दिसली की आधी मॅगझिन बघायचं, ही त्यांची शिस्त.

घरी राहिलेलं दुसरं मॅगझिन त्यांनी खोललं. आत जुनं तेल आणि काडतुसांवरचं मेण मिळून चिकट लगदा झाला होता. गोळ्या वर ढकलणारी पट्टी बोटाने दाबून सोडली की मध्येच रेंगाळायची, मग गोळी वेळेत वर येणार कशी? लगदा काढला, स्प्रिंग पुसून कोरडी केली, तेलाचा थेंबही ठेवला नाही. मग डमी, म्हणजे न उडणारी खोटी, काडतुसं भरून हाताने बोल्ट चालवला. एकही अडकलं नाही. भरताना प्रत्येक काडतुसाच्या बुडाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे, मागे राहिली तर तीही गुंतते, हेही त्यांनी करून दाखवलं. आठ हजारांचं दुखणं ते हे.

दुकानात गेलेलं मॅगझिन बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. आप्पांनी बुडाशी खिळ्याने कोरलेली त्यांची दोन अक्षरं त्यावर नव्हती. तोंडाशी गोळी धरणारी एक कड बाहेर फाकलेली. कुणाचं तरी बाद मॅगझिन माझ्या गळ्यात घालून आमचं चांगलं, फक्त साफ करायची गरज असलेलं, त्याने ठेवून घेतलं होतं. 'नव्या' एक्सट्रॅक्टरवर गंजाचा तोच जुना खड्डा होता.

सगळ्यात मोठा घात रॅम्पचा. बॅटरी मारून पाहिलं तर चेंबरच्या तोंडाशी ग्राइंडरचे चकचकीत ओरखडे. तिथलं लोखंड जास्त खाल्लं गेलं की कवचाच्या बुडाला आधार उरत नाही आणि .२२ चं पातळ पितळ फुटून गरम वायू मागे, तोंडावर येऊ शकतो. काकांनी त्या रायफलने खरी गोळी झाडूच दिली नाही.

परवानाधारकांनो, दुरुस्तीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. तो आधी बघायला मागा. मॅगझिनचे आणि बोल्टचे जवळून फोटो काढून ठेवा, रायफलचा नंबर आणि दिलेली प्रत्येक वस्तू पावतीवर लिहून घ्या, बदललेला भाग परत मागा. "पलीकडे आमचा माणूस आहे, द्या माझ्याकडे, मी नेतो" म्हणणाऱ्याच्या हातात तर बंदूक देऊच नका. कायद्याने सुटे भागही शस्त्रातच मोडतात, म्हणून मॅगझिन बदलल्याची लेखी तक्रार मी ठाण्यात दिली आहे आणि पोच घेतली आहे. पैसे आणि मॅगझिन अजून मिळालेले नाहीत. रॅम्प असा खाल्ल्यामुळे आता खरंच नळी बदलावी लागेल असं काका म्हणतात, तोवर रायफल बंद आहे.